जर्मनचे पातेले आणि तलावातील नाव

वऱ्हाडातील व्याख्यानमालेत कोणी नावेविषयी बोलू लागला तर श्रोत्यांस हसू यावे, हे स्वाभाविक आहे. आमचा मुलूख काळ्या मातीचा, कपाशीचा आणि तुरीचा. चैत्र सरता सरता पूर्णेच्या पात्रात गुरे पाणी शोधीत हिंडतात, अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि खारपाणपट्ट्यातील गावे विहिरीत पाणी असूनही तहानलेली राहतात. अशा मुलखाने नावेची कथा सांगावी, हे कोकणातल्या माणसाने हुरड्यावर प्रवचन करण्यासारखे आहे. तथापि गेल्या साठसत्तर वर्षांत या मुलखाची पाण्याची मांडणीच बदलली, आणि तिच्याबरोबर एक नवा प्रश्न आमच्या दाराशी येऊन बसला. जुन्या धातूच्या नावेला हात लावावयाचा तो कोणाच्या शहाणपणाने, हा तो प्रश्न होय. प्रश्न लहान वाटतो, परंतु त्यात माणसांचे जीव गुंतलेले आहेत. म्हणून त्याचा थोडा मागोवा घेण्याचे आम्ही योजिले आहे.

नाव वऱ्हाडास अगदीच अपरिचित होती असे नाही. सातपुड्यात उगम पावून अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून वाहत जाऊन चांगदेवाजवळ तापीस मिळणारी आमची पूर्णा आणि पूर्वेच्या सीमेवरील वर्धा या नद्या पावसाळ्यात अडवून धरणाऱ्या आहेत. पूल नव्हते तेव्हा पुराच्या पाण्यातून माणसे उतरवावयाची कोणी, तर भोई लोकांनी. पालखी वाहणे, पाणी भरणे, मासे धरणे आणि पैलतीरी पोचविणे ही त्यांची कामे. त्यांचे साधन म्हणजे डोंगा. एका जाड खोडातून कोरून काढलेला, बसका, दिसण्यात ओबडधोबड. लाकूड उन्हात वाळले की आकसते आणि तडकते. म्हणून काम नसेल तेव्हा लाकडी नाव पाण्यात बुडवून ठेवण्याची रीत नावाडी लोकांत ठिकठिकाणी आढळते. नवख्यास वाटावे की नाव बुडाली, आणि ती तर तेथे मुरत पडलेली असते. बारीक फटीत चिंध्या व डांबर ठासले की लाकूड पाणी पिऊन फुगते आणि उरलेली फट स्वतःच मिटविते. हे शहाणपण पिढ्यानपिढ्यांचे आहे व लाकडापुरते ते बिनचूक आहे.

स्वातंत्र्यानंतर धरणे झाली. अकोला जिल्ह्यात महान येथे काटेपूर्णेचे पाणी अडले, सातपुड्याच्या पायथ्याशी वान व शहानूर अडल्या, आणि १९९३ साली मोर्शीजवळ सिंभोरा येथे अप्पर वर्धा प्रकल्प पूर्ण झाला. त्याच्या विस्तीर्ण जलाशयास नल-दमयंती सागर असे नाव मिळाले. विदर्भाची राजकन्या दमयंती हिच्या नावाला शोभेल असेच ते पाणी आहे. ज्या मुलखात पाणी वाहून जात असे त्या मुलखात ते आता बारा महिने उभे राहू लागले. पाणी उभे राहिले की मासे आले. पण तेही आपोआप आले नाहीत. पूर्वी रोहू, कटला व मृगळ यांचे बीज पुराच्या नदीतून गाळून आणावे लागे. १९५७ साली ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी यांनी या जातीच्या माशांस टोचणी देऊन हवे तेव्हा अंडी घालावयास लावण्याची युक्ती साध्य केली, आणि बांधलेल्या तलावात बीज सोडून मासे वाढविण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याच सुमारास कोचीन येथे १९५७ साली मत्स्य तंत्रज्ञानाची आणि मुंबईस १९६१ साली मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था उभी राहिली. हा सारा काळ दिल्लीत आमच्या अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख मंत्री होते, हे येथे सहज आठवते. शेतकऱ्याच्या या कैवाऱ्याच्या मुलखात पुढे पाण्याचीही शेती होऊ लागली. भोई समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्था झाल्या, तलाव ठेक्याने घेतले जाऊ लागले, आणि डोंग्याला जे कधी जमले नसते ते काम पुढे आले. मैलोगणती पसरलेल्या, वाऱ्याने उसळणाऱ्या पाण्यावर रोज जाळे टाकावयाचे होते.

यातूनच नव्या नावांची गरज निर्माण झाली. कोरण्याजोगे जाड खोड मिळेनासे झाले. त्याच्या जागी फळ्यांची नाव, लोखंडी पत्र्याची नाव, काचतंतूची म्हणजे फायबरची नाव आणि ॲल्युमिनियमची नाव असे पर्याय आले. समुद्रकाठी नाव मोडली तर तिचा वैद्य हाकेच्या अंतरावर असतो. वऱ्हाडात गोदी नाही, नावेचा सुतार नाही. येथे नाव गळू लागली की ती बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून तालुक्याच्या गावी न्यावयाची. तेथे ट्रॉल्या व दरवाजे सांधणारा वेल्डिंगवाला जे करील तो उपचार. तो कारागीर मनापासून काम करतो, यात शंका नाही. परंतु त्याची सारी विद्या लोखंडाची असते. आणि ॲल्युमिनियम हा धातू लोखंडाचा भाऊ नव्हे.

मग तो आहे तरी कोण? वऱ्हाडातल्या घराघरात त्याला ओळखतात, फक्त वेगळ्या नावाने. 'जर्मनचे पातेले', 'जर्मलचा गंज' असे आमच्या आयाबहिणी म्हणतात तो हाच धातू. वास्तविक जर्मन सिल्व्हर म्हणून जे प्रसिद्ध आहे ते तांबे, निकेल व जस्त यांचे मिश्रण, आणि त्यात चांदीही नाही व ॲल्युमिनियमही नाही. पांढऱ्या रंगाच्या साम्यामुळे एकाचे नाव दुसऱ्याला चिकटले असावे. धातूचे खरे चरित्र याहून नवलाचे आहे. डेन्मार्कच्या अर्स्टेडने १८२५ साली तो प्रथम वेगळा केला. १८५४ साली फ्रान्समध्ये देव्हिय याने तो काढण्याची बरी रीत शोधली, तेव्हाही तो चांदीच्या पंगतीत बसावा इतका महाग होता. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकमेकांस ठाऊक नसताना, विजेच्या साहाय्याने तो काढण्याची एकच युक्ती हुडकली आणि धातू झपाट्याने स्वस्त झाला. १८९८ साली मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी त्याची भांडी घडविण्यास आरंभ केला. या देशातील ॲल्युमिनियमच्या भांड्यांच्या धंद्याचा उगम तेथे आहे. पुढे १९४३ साली केरळातील अलुपुरम येथे हा धातू भारतात तयार होऊ लागला. राजवाड्याच्या ताटापासून मजुराच्या डब्यापर्यंत येण्यास त्याला शंभर वर्षेही लागली नाहीत.

नावेच्या कामी त्याची योजना होणे अटळच होते. तो लोखंडाच्या जेमतेम एकतृतीयांश वजनाचा आहे, आणि तांबड्या गंजाचे त्याला भय नाही. हवा लागताच त्याच्या अंगावर एक अतिसूक्ष्म कवच चढते व तेच आतल्या धातूचे रक्षण करते. १८९१ साली झुरिचच्या एशर विस या कारखान्याने आल्फ्रेड नोबेल यांच्यासाठी ॲल्युमिनियमची एक छोटी नौका बांधली. १८९४ साली इंग्लंडच्या यारो कारखान्याने फ्रेंच आरमारासाठी पाणतीर सोडणारी एक हलकी होडी या धातूत तांबे मिसळून बांधली. १८९५ साली अमेरिकेची 'डिफेंडर' ही शर्यतीची नौका तर त्या काळच्या जगाचे कौतुक होती. पाण्याखालचा भाग काशाच्या जातीच्या धातूचा, वरचा ॲल्युमिनियमचा, आणि आतील बरगड्या पोलादाच्या. तिने शर्यत जिंकली. परंतु सहा वर्षांत, १९०१ साली, ती मोडीत काढावी लागली. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमने आपल्या सोबत्यांसाठी प्राण दिला होता.

हा प्राण देण्याचा प्रकार नीट समजून घेतला पाहिजे, कारण आमच्या पुढच्या साऱ्या विवेचनाची किल्ली त्यात आहे. दोन भिन्न धातू एकमेकांस टेकलेले असावेत आणि दोघांमध्ये ओल असावी, म्हणजे तेथे एक लहानशी बॅटरी तयार होते. त्यात दुबळा धातू झिजतो आणि दुसरा सुरक्षित राहतो. इंग्रजांच्या 'अलार्म' या लढाऊ जहाजाच्या तळाला १७६१ साली तांब्याचे पत्रे लोखंडी खिळ्यांनी ठोकले होते. दोन वर्षांनी पाहतात तो खिळे सडून गेलेले. परंतु ज्या ठिकाणी पत्रा गुंडाळून आलेला तपकिरी कागद चुकून मध्ये राहिला होता, तेथले लोखंड शाबूत! एका विसरलेल्या कागदाने जी गोष्ट सांगितली ती मोठमोठ्या कारागिरांस कळली नव्हती. लोखंड आणि तांबे यांच्या जोडीत लोखंड मरते. ॲल्युमिनियम तर लोखंडापुढेही दुबळा आहे, मग तांब्यापितळेपुढे त्याचा निभाव कोठून लागणार?

पुढे तांब्याऐवजी मॅग्नेशियम मिसळलेले, पाण्यात टिकणारे प्रकार निघाले. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी या धातूचे कारखाने उभे राहिले होते. अमेरिकेतील ग्रमन या विमान कारखान्याचे विल्यम हॉफमन १९४४ साली जड लाकडी नाव खांद्यावरून वाहून थकले, आणि विमानाच्या पत्र्याची नाव का करू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. अशा नावा १९४५ पासून बाजारात आल्या. विमानाप्रमाणेच पत्रे रिव्हेटांनी जोडलेली हलकी नाव जगभर पसरली ती तेव्हापासून.

आता अशी एक जुनी नाव आमच्या तलावाच्या काठी निंबाखाली उपडी पडली आहे, असे समजू. सांधे गळतात, मागची फळी कुजली आहे, पत्र्यावर पांढरी बुकटी आली आहे. तिच्याकडे तीन माणसे येतात आणि तिघेही आपापल्या परीने शहाणे आहेत.

पहिला येतो भोई. तो म्हणतो, उन्हाळाभर हिला पाण्यात बुडवून ठेवू. ही रीत डोंग्यास अमृत, पण धातूच्या नावेस विष. पत्रा फुगून फट मिटवीत नाही. उलट गाळात व ओलीत दडपून राहिला की हवेवाचून त्याचे कवच पुन्हा नीट धरत नाही आणि खाली खड्डे पडतात. ही नाव धुवून, कोरडी करून, लाकडी ठोकळ्यांवर सावलीत उपडी ठेवली पाहिजे. सावली का, याचाही हिशोब आहे. हा धातू उष्णतेने लोखंडाच्या सुमारे दुप्पट पसरतो. पहाटेपासून भर दुपारपर्यंत पत्रा ४५ अंशांनी तापला तर चार मीटरची नाव सुमारे ४ मिलिमीटर लांबते, आणि रात्री तितकीच आखडते. वैशाखातले हे रोजचे ताणणे जुन्या रिव्हेटांस सैल करते.

दुसरा येतो वेल्डिंगवाला. लोखंड तापले की लाल होते व कारागीर रंगावरून त्याची अवस्था ओळखतो. ॲल्युमिनियम रंग बदलत नाही. ६६० अंशांवर तो वितळतो, पण त्याच्या अंगावरचे कवच वितळावयास दोन हजारांहून अधिक अंश लागतात. म्हणजे वरची साय तशीच आणि आतले दूध उतू गेलेले! सांधा बसण्याऐवजी हाताएवढे भोक पडते. आर्गॉन वायूच्या आवरणाखाली काम करणारा जाणकार मिळाला तरच विस्तवाचे नाव काढावे. एरवी रिव्हेटाच्या नावेस रिव्हेटच बरे. लोखंडाच्या सवयीने शेंदरी रंगाचा हात मारणे, हीही चूकच. शेंदूर म्हणजे शिशाचे भस्म. लोखंडास ते तारते आणि ॲल्युमिनियमला खाते. लोखंडी तारेच्या ब्रशाने घासले तर लोखंडाचे कण पत्र्यात रुतून बसतात व प्रत्येक कण खड्ड्याचे बीज होतो. लोखंडी वा पितळी बोल्ट घालावाच लागला तर मध्ये रबराची चकती हवी, म्हणजे तो तपकिरी कागद आपण जाणूनबुजून ठेवल्यासारखे होईल.

तिसरी येते घरातली बाई, आणि तिचे कोणी विचारीत नाही. जर्मनच्या पातेल्यात चिंचेचे सार रात्रभर ठेवू नये, लोणचे मुरत घालू नये, धुण्याच्या सोड्याने ते घासू नये, खारट पाणी त्यात साठवू नये, नाहीतर टोके पडतात, हे तिला ठाऊक आहे. आंबट, खारट आणि क्षार हे या धातूचे तीन वैरी होत. रसायनशास्त्राचे पुस्तक याहून फारसे वेगळे सांगत नाही. नावेची निगा म्हणजे मोठ्या पातेल्याची निगा. म्हणून दर्यापूर, अकोट, तेल्हारा या बाजूच्या खाऱ्या विहिरींच्या पाण्याने नाव धुऊन तशीच वाळविणे बरे नव्हे. त्यासाठी तलावाचे वा पावसाचे गोडे पाणी घ्यावे. नदीत टाकावयाचा म्हणून आणलेला जुना तांब्याचा पैसा नावेच्या तळात ओलीत पडून राहिला तर तो आपल्या आकाराचे भोक पाडू शकतो. श्रद्धेचा पैसा नदीतच पडू द्यावा.

गळती शोधण्याची रीत सोपी आहे, पण तिला धीर लागतो. नाव सरळ करून तिच्या पोटाखाली वाळूच्या पिशव्यांचा भरपूर आधार द्यावा, कारण दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो वजन, आणि दोन टोकांवर टेकलेली जुनी नाव मध्येच वाकेल. मग आतून थोडे थोडे पाणी भरीत बाहेरून पाहावे. जेथे थेंब धरेल तो रिव्हेट पुसून मेणाच्या खडूने त्याभोवती वर्तुळ काढावे. शाळेतली शिसपेन्सिल वापरू नये. तिच्यातला ग्रॅफाइट ओलीत या धातूस बाधतो. सैल रिव्हेट असेल तर बाहेरच्या डोक्यास जड ठोकळा धरावा आणि आतून हलक्या हातोड्याने बेताने ठोकून तो आवळावा. झिजलेला असेल तर काढून एक माप जाड असा ॲल्युमिनियमचाच रिव्हेट घालावा. सांध्यात लवचीक मसाला भरावा. वरून डांबराचा पोचारा देऊन भोक झाकणे म्हणजे रोग दडविणे होय. मागची फळी बदलावयाची तर तांब्याच्या क्षारात मुरविलेले लाकूड टाळावे, आणि फळी व पत्रा यांच्यामध्ये ओल साठणार नाही अशी तजवीज करावी.

हे सारे झाले तरी सर्वांत महत्त्वाचे राहिलेच आहे, आणि ते बैठकीच्या फळीखाली दडलेले असते. लाकडाचा डोंगा पाण्याने काठोकाठ भरला तरी बहुधा तरंगत राहतो, आणि बुडणाऱ्याला त्याला धरून राहता येते. भोई लोकांच्या पिढ्या याच विश्वासावर वाढल्या. ॲल्युमिनियम कितीही हलका म्हटला तरी पाण्याच्या २.७ पट जड आहे. पाणी भरले की नाव सरळ तळ गाठते. म्हणून बांधणारे बैठकीखाली हवाबंद कप्पे किंवा फेसाचे ठोकळे घालतात. जुन्या नावेत ते कप्पे फुटलेले असतात, ठोकळे पाणी पिऊन विटेसारखे जड झालेले असतात, किंवा जागा हवी म्हणून कोणी ते काढूनच टाकलेले असतात. बाहेरून नाव ठणठणीत दिसते. गळती जीव घेण्यापूर्वी पायाला ओल लावून सूचना तरी देते. हा दोष काहीच सूचना देत नाही. तेव्हा दुरुस्ती संपली की कंबरभर पाण्यात, कोणी आत नसताना, नाव मुद्दाम भरून पाहावी. भरल्यावरही तिचे काठ वर राहिले तरच ती दुरुस्त झाली असे म्हणावे.

वरुड तालुक्यात श्रीक्षेत्र झुंज येथे वर्धा नदीत १४ सप्टेंबर २०२१ रोजी नाव उलटली आणि एकाच गोतावळ्यातील ११ माणसे गेली. दशक्रियेच्या दुःखात जमलेल्या घरावर आणखी अकरा दुःखे कोसळली. नाव कोणत्या धातूची वा लाकडाची, हा विचार त्या घरापुढे मांडण्याचा अधिकार कोणास नाही. आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे की, पाणी आता आमच्या मुलखात कायमचे राहावयास आले आहे, आणि पाण्याशी वागण्याची विद्या मात्र अजून विखुरलेली आहे. थोडी भोयाकडे, थोडी लोहाराकडे, थोडी स्वयंपाकघरात.

पूर्वी मृगापूर्वी नांगर, वखर आणि तिफण काढून तपासण्याची आमच्या गावांची चाल होती. पेरणी तोंडावर आल्यावर फण शोधीत बसणाऱ्यास लोक हसत. तलावाकाठच्या गावांनी, सहकारी संस्थांनी त्याच दिवसांत नाव तपासण्याची चाल पाडावी. त्या दिवशी निंबाखाली भोई असावा, वेल्डिंगवाला असावा, आणि घरातल्या बाईलाही बोलवावे. भोयाने पाण्याचा स्वभाव सांगावा, कारागिराने हाताचे काम करावे, आणि त्या पांढऱ्या बुकटीकडे पाहून, हे जर्मन आहे, याला खारट लागले आहे, असे जी पहिल्या नजरेत ओळखील तिचे दोघांनीही ऐकावे.